स्टीलच्या डब्यातली डिस्क

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, शालूलाही नाही – आणि माझ्या पोटातलं सगळं तिला कळतं अशी तिची समजूत आहे. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. खरं सांगू का, तुमच्यावरही माझा पुरता भरवसा नाही. तुम्ही हे कुणाला सांगाल, ते फिरत फिरत आमच्या हुडको कॉलनीतल्या एखाद्या ओट्यावर पोचेल – लिहायला बसण्याआधी मी हाच विचार करत बसलो होतो. स्वभावच तसा, काय करता?

घरात मला शक्की म्हणतात. दूध आलं की मी बोटावर घेऊन पाहतो. सिलिंडर आलं की सील दोनदा तपासतो. कुलूप लावून जिना उतरलो की परत वर जाऊन ओढून बघतो. शालू म्हणते, हा माणूस यमदूत आला तरी त्याचं ओळखपत्र मागेल. मागेन. का मागू नये?

त्यात माझी नोकरीही अशी की संशयाला बढती मिळावी. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये मी सगळी नोकरी पंप हाऊसमध्ये काढली. फर्नेस थंड ठेवणारं पाणी तिथून जातं, म्हणून प्रत्येक मोठ्या पंपाशेजारी तसाच दुसरा पंप उभा असतो. पहिला बंद पडला की दुसऱ्याने उचलायचं. पण नुसता उभा असलेला पंप म्हणजे पंप नव्हे, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. त्याला पाळीपाळीने चालवून बघावं लागतं, नाही तर उभ्या उभ्या जाम होतो आणि ऐन वेळी दगा देतो. न चालवताच ‘ओके आहे’ म्हणणाऱ्या एका हेल्परला मी सगळ्यांसमोर इतकं झापलं होतं की बिचारा रडकुंडीला आला. ‘तुझ्या तोंडच्या ओकेवर फर्नेस चालते का रे?’ असं मी त्याला विचारलं होतं. ते वाक्य तुम्ही जरा लक्षात ठेवा.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील शेती भावांवर सोडून इकडे आले, प्लांटमध्ये लागले, मग दादा लागला, मग मी. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो क्रेन चालवायचा. दिवसभर उंचावर एकटाच बसून असायचा, म्हणून की काय, घरी आला की त्याला माणसं लागायची. सगळ्यात जास्त लागायची ती भुलाबाईच्या महिन्यात. वहिनी घरात भुलाबाई-भुलोजींची मातीची जोडी मांडायची. प्लांटच्या वसाहतीतल्या, हुडकोतल्या मराठी बाया आणि पोरी जमायच्या. एरवी हिंदीत भांडणाऱ्या आणि हिंदीतच रुसणाऱ्या पोरी त्या महिन्यापुरत्या मराठीत गायच्या. गाणी झाली की खाऊ ओळखायचा खेळ. जिने खाऊ आणला तिने झाकलेला डबा कानाशी हलवून दाखवायचा, बाकीच्यांनी आत काय आहे ते सांगायचं.

दादा हे सगळं व्हिडिओत घ्यायचा. वर्षानुवर्षं घेतलं. आधी कॅमेऱ्यावर, पुढे मोबाइलवर. भरलं की कॉम्प्युटरवर टाकायचा आणि कॅमेरा रिकामा करायचा. त्यामुळे एकाही व्हिडिओत दादा दिसत नाही. पण ऐकू येतो! कोणी ओळ विसरली की मागून हळूच सांगायचा. हाताने मांडीवर ताल धरायचा. आणि खाऊ मुद्दाम चुकीचा ओळखायचा – डब्यात फुटाणे खडखडताहेत हे बहिऱ्यालाही कळावं, आणि हा मागून ओरडणार, “करंज्या हायेत, करंज्या!” मग सगळ्या हसणार, आणि सगळ्यात शेवटपर्यंत वहिनी हसत राहणार.

दादा गेला तेव्हा वहिनीकडे त्याचे फोटो होते. आवाज मात्र फक्त तिथे होता, त्या कॉम्प्युटरमध्ये. ती ते व्हिडिओ पाहत नसे. पडद्याकडे पाठ करून भाजी निवडत बसायची आणि ऐकायची. मी एकदा दारात उभा राहून ते पाहिलं आणि चप्पल न काढता परत फिरलो. मला ते सोसलं नाही.

मग तो कॉम्प्युटर मध्येच अडकायला लागला. निळा पडदा यायचा, आपोआप बंद व्हायचा. वहिनी घाबरली. मला बोलावलं आणि म्हणाली, “भावजी, हे सारं कुठंतरी जपून ठेवून द्या. तुमच्यासारखा पारखी मानूस आपल्यात दुसरा कोनी नाई.”

पारखी! मला शक्की सगळेच म्हणत होते. पारखी म्हणणारी ती एकटीच. तुम्हीच सांगा, चढणार नाही का डोक्यात?

मी असा काही शोध लावला की विचारू नका. कँप-एकच्या बाजारात पेन ड्राइव्ह पाहिले – वरून नाव मोठं, आत काय भरलंय देव जाणे. दाबून पाहिले, वास घेऊन पाहिले, परत ठेवले. सीडी म्हणाव्यात तर त्यांना बुरशी लागते असं कुणीतरी सांगितलेलं. दादाची मुलगी पल्लवी रायपूरहून फोनवर म्हणाली, “काका, इंटरनेटवर टाकून द्या ना. आणि एक कॉपी डिस्कवर. दो जगह रहेगा तो टेन्शन नाई.” मी तिला चांगला अर्धा तास सुनावलं. आपल्या घरच्या बाया-पोरींचे व्हिडिओ उचलून परक्याच्या गोदामात ठेवायचे? किल्ली कोणाकडे, पहारेकरी कोण, काही माहीत नाही, आणि टेन्शन नाई?  दोन जागांचं तिचं म्हणणं मी त्या झटापटीत ऐकलंच नाही.

शेवटी हुडकोतल्या देवांगनच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून एक हार्ड डिस्क घेतली. तीसुद्धा सहज नाही. डबा आधी कुणी उघडलाय का, चिकटपट्टी दुसऱ्यांदा लावलेली आहे का, वरचा नंबर आणि आतला नंबर जुळतो का – सगळं. देवांगन हसत होता. तो हसतोय म्हणजे नक्कीच काहीतरी गडबड असणार, असंही मला वाटून गेलं. एवढी झडती मी दुकानाची घेतली, त्याच्या मालाची घेतली, पल्लवीच्या सल्ल्याची घेतली. झडती घ्यायची राहिली ती एकाचीच.

ती दुपार सांगतो. माझी सेकंड शिफ्ट होती, प्लांटला निघायची घाई. वहिनीच्या कॉम्प्युटरवर समोरच पडद्यावर दादाने चित्रं मांडून ठेवली होती, एकेका वर्षाच्या भुलाबाईचं एकेक. मी ती सगळी उचलली आणि डिस्कमध्ये टाकली. चुटकीसरशी गेली. इतक्या वर्षांचे व्हिडिओ – आणि चुटकीसरशी? पंप हाऊसमध्ये असं काही झालं असतं तर मी जागचा हललो नसतो. इथे मात्र माझ्या मनात काय आलं सांगू? आलं की, वा, डिस्क काय झकास निवडली आपण.

वहिनी चहा घेऊन आली. सहज म्हणाली, “उघडून पायलं ना भावजी? सारं आलं ना?”

आणि मला राग आला. हो, राग. अख्ख्या जगाला ‘पाहिलंस का’ विचारणारा मी, आणि मला विचारते? मी म्हणालो, “एकेक उघडून पायलं वैनी. दादाचा आवाज बी आयकला.”

आवाज ऐकला. हे मी का जोडलं? तिने तेवढं विचारलंच नव्हतं. पण ते ऐकून तिचा चेहरा जो निवला, तो मला आजही दिसतो. तिने देवापुढे साखर ठेवली. आणि माझ्या त्या तोंडच्या ओकेवर दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर देवांगनकडे दुरुस्तीला गेला. “डाटा देख लिए हो ना भैया? सब उड़ जाएगा,” त्याने विचारलं. मी म्हणालो, “मेरेको मत सिखा. सब साफ कर.” त्याने साफ केलं, नव्याने सगळं बसवलं, आणि वहिनीने तो कॉम्प्युटर कुम्हारीला तिच्या भावाकडे पाठवला. भाचीला अभ्यासाला हवा होता.

इथवरची चूक तुम्ही मला माफ कराल. माणसाच्या हातून होते, म्हणाल. थांबा. मी त्या चुकीचं सांगायला बसलेलो नाही.

भुलाबाईचा महिना संपत आला होता. कोजागिरीला सगळ्या जमणार, तेव्हा जुने व्हिडिओ टीव्हीवर लावायचे असं वहिनीने ठरवलं होतं. म्हणून आधी मी डिस्क घरी आणली, लॅपटॉपला लावली. चित्रं सगळी होती. एकावर दाबलं. उघडेना. दुसऱ्यावर दाबलं. ही वस्तू जागेवर नाही, असं इंग्रजीत आलं. मग मला प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक बारका वाकडा बाण दिसला. तो बाण म्हणजे नुसता पत्ता. सामान दुसरीकडे आहे, इथून तिकडे जा, एवढंच सांगणारा. मी घर उचलून आणलं असं समजत होतो – आणि मी दारावरची पाटी उचलून आणली होती. घर कुम्हारीला गेलं होतं, धुऊन पुसून.

मी लॅपटॉप खाडकन मिटला. शालूने विचारलं, काय झालं. मी म्हणालो, पित्त.

दुसऱ्या दिवशी प्लांटमध्ये कॉम्प्युटरच्या विभागातल्या एका ओळखीच्याला गाठलं. माझं म्हणून नाही, मित्राचं म्हणून विचारलं. तो म्हणाला, साफ केलेलं लगेच जात नाही. वर नवीन काही भरलं नसेल तर बरंचसं परत काढता येतं. “पर दोस्त को बोलो, कम्प्यूटर तुरंत बंद करे. चालू ही मत करे. जितना चलाएगा उतना जाएगा.”

म्हणजे वाट होती. ऐकताय ना? वाट होती. पण त्या वाटेवर जायचं तर आधी वहिनीपुढे उभं राहून म्हणायला हवं होतं, की मी उघडून पाहिलं नव्हतं. दादाचा आवाज ऐकला म्हणालो ते खोटं होतं.

मी सुटीच्या दिवशी मोटारसायकल काढली आणि कुम्हारीला गेलो. तिथवर गेलो मी! हायवेवर ट्रकांच्या मागे मागे वाक्य जुळवत गेलो. वहिनीच्या भावाने तोंडभर स्वागत केलं. समोरच्याच खोलीत तो कॉम्प्युटर होता, आणि भाची त्यावर बसली होती. मैत्रिणीकडून आणलेले सिनेमे त्यात भरून राहिली होती. पडद्यावर एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत होती. मला माहीत होतं ती पट्टी कशावरून सरकतेय. मला एवढंच म्हणायचं होतं – पोरी, बंद कर तो. “कावून आले भावजी, काही काम?” तिच्या आईने विचारलं. मी म्हणालो, इकडून चाललो होतो, सहज. चहा प्यायलो. पोहे खाल्ले. पोहे चांगले झालेत म्हणालो. पट्टी शेवटाला पोचली, भाचीने दुसरा सिनेमा लावला. आणि मी उठून घरी आलो.

हे ते. हेच मी कुणाला सांगितलेलं नाही. न पाहता ओके म्हणालो, ते नव्हे – दादाचा आवाज माझ्या डोळ्यांसमोर पुसला जात होता आणि मी पोह्यांची तारीफ करत बसलो, हे.

त्यानंतरचं सगळं त्या झाकाझाकीचं. कोजागिरीच्या दिवशी दिवेलागणीला वहिनीचं घर भरलं. मी टीव्हीला लॅपटॉप जोडला, डिस्क लावली, दाबलं, आणि भुवया उंचावल्या. घरी आरशासमोर करून पाहिल्या होत्या तशाच. पुन्हा दाबलं. मग म्हणालो, “डिस्कच खराब निंगाली वैनी. त्या देवांगनानं फसवलं आपल्याले.” पडद्यावर इंग्रजीत काय आलंय ते वाचायला कुणी पुढे झालं नाही. का होईल? मी होतो ना तिथे.  खाऊचा डबा वहिनीच्या मांडीवर होता, तो तिने बाजूला ठेवला. त्या संध्याकाळी खाऊ कुणी ओळखला नाही. झाकण काढून सरळ वाटून टाकला.

हे कानावर गेलं तसा देवांगन वहिनीच्या घरी आला. मी आधीच जाऊन बसलो होतो. तो हात जोडून म्हणाला, “भैया, एक बार डिस्क मेरेको लगाके देखने तो दो.” त्याने ती लावली असती तर? डिस्क ठणठणीत होती. आत फक्त बाण होते. मी ओरडलो, “हाथ मत लगाना! बचा-खुचा भी उड़ा देगा.” साप साप म्हणून भुई धोपटली मी, आणि साप मीच आहे हे मला माहीत होतं. पुढे आमच्या मराठी मंडळाचं कुठलंच काम त्याच्याकडे गेलं नाही. आमच्यातलं कोणी त्याच्या दुकानाची पायरी चढलं नाही. तो रस्त्यात मला आजही नमस्ते करतो. ते साधं नमस्ते आहे की त्याला काही कळलंय? मी वर्षानुवर्षं त्याच्या चेहऱ्यावर ते शोधतो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

पल्लवी म्हणाली, डिस्क नागपूरला नेऊ, तिथे काढून देणारे आहेत. मी म्हणालो, अगं, ते आधी स्वतः सगळं बघतात, उतरवून घेतात. आपल्या पोरींचे व्हिडिओ कुठे जातील, नेम नाही. वहिनी घाबरली. ती पल्लवीला म्हणाली, “नोको माय. भावजी सांगून राहिले ना.” माझा संशय मी जन्मभर स्वतःपुरता वापरला होता. त्या दिवशी तो तिच्या दाराला कुलूप म्हणून लावला. आता तीही शक्की झाली आहे. मोबाइल कुणाच्या हातात देत नाही, दुरुस्तीवाल्याच्या डोक्यावर उभी राहते. हुडकोतल्या बाया हसून म्हणतात, देराचा वान लागला. दीर मी.

ती डिस्क तिने स्टीलच्या एका डब्यात ठेवली. ओल लागू नये म्हणून खाली तांदूळ, वर फडकं. दर भुलाबाईला ती मला विचारायची, “आता नवीन मशीन आली असन भावजी, निंगन का त्यातून?” मी म्हणायचो, “पाहू.” नाही म्हटलं असतं तर ती एकदाची रडली असती आणि मोकळी झाली असती. तेही मी तिला करू दिलं नाही. पाहू म्हणालो. दरवर्षी.

यंदा तिचे गुडघे फारच गेले. पल्लवी तिला रायपूरला घेऊन गेली. निघायच्या आदल्या दिवशी, शालू बाजारात गेलेली असताना, वहिनी रिक्षा करून आमच्याकडे आली, तो डबा मांडीवर धरून. मला म्हणाली, “हे तुमच्यापाशी राहू द्या. तिकडं पोरं-बाळं, कोनी हात लावन. मले तुमच्याशिवाय कोनाचा भरोसा नाई.” मी डबा घेतला. घेतला!  सेफ्टी हेल्मेट घेतो तसा घेतला, बरं म्हणालो आणि कपाटात सारला.

बहाणे माझ्याकडे पुष्कळ आहेत. शिफ्टची घाई होती, मला ते बाण कळत नव्हते, वहिनीचं मन मोडवेना. सगळे लावून पाहिलेत, एकही टिकत नाही. तुमच्याकडूनही मला काही नको.

काल शालू कपाट आवरत होती. तो डबा तिच्या हाती लागला. तिने तो सवयीने कानाशी नेला, हलवला. आत तांदूळ सरकले, काहीतरी कडेला लागलं. तिने हसून विचारलं, “काय हाय जी यात?”

“दादाचा आवाज,” मी म्हणालो.

तिचं हसू लगेच गेलं. तिने डबा दोन्ही हातांनी धरला, पदराने पुसला आणि जपून वरच्या फळीवर, देवाच्या फोटोशेजारी ठेवला.